पातळ केलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड नेमकं किती टक्के? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात केमिस्ट्री शिकवायची म्हटलं की वर्गातल्या पोरांपुरतं भागत नाही. इचलकरंजीच्या प्रोसेसमधले (कापड धुऊन-ब्लीच करून रंगवणाऱ्या कारखान्यांतले) लॅबवाले फोन करतात, पार्लर चालवणाऱ्या ताई विचारतात, शेजारच्या काकू फेस येणाऱ्या औषधाची बाटली घेऊन दारात उभ्या राहतात. सगळ्यांना हवा असतो एक आकडा. मी आधी उलटा प्रश्न टाकतो : बाटलीवरचा टक्का कशाचा आहे? वजनाचा, आकारमानाचा की ‘व्हॉल्यूम’चा? निम्मी भांडणं तिथंच मिटतात. उरलेली निम्मी ब्युरेटपाशी, म्हणजे प्रत्यक्ष मोजायच्या नळीपाशी.

सर, बाटलीवर ६ टक्के लिहिलंय. तेवढंच पाणी घातलं तर किती झालं?

३ टक्के. पंगत अचानक वाढली की रस्स्यात गरम पाणी पडतं. मसाला तेवढाच राहतो, फक्त जास्त वाट्यांत वाटला जातो. इथंही तसंच. पाणी घातल्यानं पेरॉक्साइड वाढत नाही की कमी होत नाही, म्हणून आधीची संहती (द्रावण किती कडक, ते) गुणिले आधीचं आकारमान आणि नंतरची संहती गुणिले नंतरचं आकारमान हे दोन्ही सारखेच येतात. पोरं याला ‘सी वन व्ही वन’ म्हणतात.

१०० मिली घेतलं, ते ६ टक्क्यांचं, म्हणजे त्यात पेरॉक्साइड ६ ग्रॅम. एकूण २०० मिली केलं तर १०० मिलीला ३ ग्रॅम. ४०० मिली केलं तर दीड. लक्ष ठेवायचं ते ‘एकूण’ या शब्दावर. सूत्रात शेवटचं एकूण आकारमान बसतं, घातलेलं पाणी नाही. दर वर्षी पेपर तपासताना निदान पाच-सहा पोरं व्ही टूच्या जागी पाण्याचं माप घालतात.

‘एकास दहा’ म्हणजे एकूण दहा की अकरा?

सांगणाऱ्यालाच विचारा. खरंच सांगतो, याला दुसरं उत्तर नाही. कोणी एक भाग औषध आणि दहा भाग पाणी घेतो, कोणी एक भाग घेऊन एकूण दहा करतो. ६ टक्क्यांच्या बाटलीचं पहिल्या रीतीनं ०.५४५ टक्के होतं, दुसऱ्या रीतीनं ०.६. फरशी पुसायला काही फरक पडत नाही. प्रॅक्टिकलच्या वहीत मात्र हा दहा टक्क्यांचा घोळ आहे. मी स्वतः लिहिताना ‘१० मिली घेऊन १०० मिलीच्या खुणेपर्यंत’ असंच लिहितो, गुणोत्तर लिहितच नाही.

टक्का कशाचा, हे एवढं महत्त्वाचं आहे का?

पातळ बाटलीत नाही, कडक मालात आहे. औषधाच्या दुकानातल्या बाटलीवर साधारणपणे वजनास आकारमान असा टक्का असतो. म्हणजे १०० मिली द्रावणात इतके ग्रॅम. कारखान्यात येणारा ५० टक्क्यांचा कॅन हा वजनास वजन. १०० ग्रॅम द्रावणात ५० ग्रॅम पेरॉक्साइड. आता हे द्रावण पाण्यापेक्षा जड असतं. ५० टक्के मालाची घनता साधारण १.१९५, ३० टक्क्यांची १.११ आणि ३ टक्क्यांची जेमतेम १.०१.

म्हणून ५० टक्क्यांचा माल १०० मिली घेतला तर त्याचं वजन भरतं ११९.५ ग्रॅम आणि त्यात पेरॉक्साइड निघतं जवळजवळ ६० ग्रॅम. १० मिली घेऊन १०० मिली केलं की माणूस वहीत लिहितो ५ टक्के, आणि फ्लास्कमध्ये असतात ६ टक्के. पाचात एक जादा! बाटलीवर काहीच लिहिलेलं नसेल आणि माल ३ किंवा ६ टक्क्यांचा असेल तर डोक्याला ताप करून घेऊ नका. ३० च्या वरचा असेल तर घनता गुणल्याशिवाय पुढची ओळ लिहू नका.

२० व्हॉल्यूम, ३० व्हॉल्यूम हे काय गौडबंगाल आहे?

जुनी, पण मोठी व्यवहारी पद्धत आहे. पेरॉक्साइड फुटलं की पाणी आणि ऑक्सिजन होतो. पेरॉक्साइडच्या दोन रेणूंमागे ऑक्सिजनचा एक रेणू. एक लिटर द्रावण पूर्ण फुटल्यावर प्रमाण तापमान-दाबाला जितके लिटर ऑक्सिजन निघेल, तितके त्याचे ‘व्हॉल्यूम’. २० व्हॉल्यूमच्या एका लिटरातून २० लिटर वायू.

३ टक्क्यांचं करून बघू. एका लिटरात ३० ग्रॅम. रेणुभार ३४, म्हणजे ३४ ग्रॅमचा एक मोल, म्हणून ०.८८२ मोल. ऑक्सिजन त्याच्या निम्मा, ०.४४१ मोल. प्रमाण तापमान-दाबाला एक मोल वायू २२.४ लिटर भरतो, म्हणून त्याला २२.४ नं गुणलं की ९.८८ लिटर. म्हणून ३ टक्क्यांना १० व्हॉल्यूम म्हणायची रीत पडली. मग ६ म्हणजे २०, ९ म्हणजे ३०, १२ म्हणजे ४०. तोंडी हिशेबाला टक्क्यांना ३.३ नं गुणा, झालं व्हॉल्यूम.

मोलॅरिटीतून (लिटरात किती मोल, त्यातून) जायचं तर १ मोलर म्हणजे ११.२ व्हॉल्यूम आणि १ नॉर्मल म्हणजे ५.६ व्हॉल्यूम. नॉर्मॅलिटी मोलॅरिटीच्या दुप्पट असते, कारण इथं एक रेणू दोन इलेक्ट्रॉनचा व्यवहार करतो. प्रवेश परीक्षेत हे दोन आकडे अदलाबदल करून पर्याय दिलेले असतात आणि पोरं बरोबर त्यात अडकतात.

२२.४ धरायचं की २२.७?

प्रमाण दाब १ ॲटमॉस्फिअर धरला तर २२.४. आयुपॅकनं (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं) १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार ठरवला, तो धरला तर २२.७. त्यानुसार १ मोलर म्हणजे ११.३५ व्हॉल्यूम. गंमत म्हणजे २२.७ घेतलं की ३ टक्क्यांचे नेमके १० व्हॉल्यूम येतात. प्रश्नात काय दिलंय ते बघा आणि तेच धरा. फरक सव्वा टक्क्याचा आहे, त्याच्यासाठी सरांशी भांडू नका.

आम्ही ऑक्सिजन नळीत गोळा करून मोजला, तर १० व्हॉल्यूमच्या द्रावणाचा जास्तच आला. चुकलं काय?

तुमचं काही चुकलं नाही, आपण कोल्हापुरात राहतो एवढंच. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच. इथं हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरांऐवजी ७१० च्या घरात असतो. त्यात लॅब ३० अंशांवर, आणि वायू पाण्यावर गोळा केलेला म्हणजे त्यात पाण्याची वाफ मिसळलेली. ३० अंशांना ती वाफ दाबातले ३२ मिलिमीटर खाते. ऑक्सिजनच्या वाट्याला राहिले ६७८.

१० व्हॉल्यूमचं ५ मिली द्रावण घेऊन वर ते झटपट फोडायला चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकलं, तर पुस्तकाप्रमाणे ५० मिली ऑक्सिजन हवा. ३० अंश म्हणजे ३०३ केल्विन आणि ० अंश म्हणजे २७३, म्हणून इथं नळीत दिसणार ५० × (३०३ ÷ २७३) × (७६० ÷ ६७८), म्हणजे सुमारे ६२ मिली. ही दुरुस्ती न करता भागाकार केला की १० व्हॉल्यूमची बाटली १२.४ व्हॉल्यूमची होऊन बसते. हा प्रयोग मला फार आवडतो. उत्तर पुस्तकाशी जुळत नाही तेव्हाच पोरं दाबाचं कोष्टक खरोखर उघडतात.

आमच्या प्रोसेसमध्ये ‘चार जीपीएल पेरॉक्साइड टाका’ म्हणतात. म्हणजे किती टाकायचं?

इचलकरंजीचा हा कायमचा वाद. जीपीएल म्हणजे ग्रॅम पर लिटर, एवढं सगळ्यांना कळतं. पण चार ग्रॅम कशाचे? शुद्ध पेरॉक्साइडचे, की कॅनमधल्या ५० टक्के मालाचे? मास्टरच्या मनात एक असतं, पाळीवरच्या माणसाच्या मनात दुसरं, आणि कापडाला लागतं त्याच्या निम्मं नाहीतर दुप्पट. रेसिपीच्या कार्डावर ‘१०० टक्के हिशेबानं’ की ‘५० टक्के माल’ हे शब्द लिहून टाका, दरवेळी डोकं लावायला नको.

समजा १,००० लिटरचा बाथ (कापड ज्यात ब्लीच करतात ते द्रावण) आहे आणि शुद्ध हिशेबानं ४ ग्रॅम पर लिटर हवेत. एकूण शुद्ध पेरॉक्साइड ४ किलो. ५० टक्के माल त्याच्या दुप्पट, ८ किलो. आता खरी गोम : ८ किलो म्हणजे ८ लिटर नव्हेत. ८ ला १.१९५ नं भागा, ६.७ लिटर येतात. मापाच्या प्लॅस्टिकच्या भांड्यानं ८ लिटर ओतले तर बाथमध्ये ४ ऐवजी ४.८ ग्रॅम पर लिटर होतात. काटा वापरा.

आणखी एक पाणी कोणी धरतच नाही. कापड आधीच्या धुलाईतून ओलं येतं. १०० किलो कापड ८० टक्के पाणी धरून आत गेलं तर त्याच्यासोबत ८० लिटर पाणी बाथमध्ये उतरलं. १,००० चे १,०८० झाले, ४ चे ३.७. ‘पेरॉक्साइड कमी पडतंय, माल हलका आलाय’ म्हणून सप्लायरला शिव्या घालण्याआधी हे बघा.

५० टक्क्यांवरून थेट ३ टक्के करायचं तर दरवेळी सूत्र मांडत बसायचं का?

डेअरीत काम केलेला कोणी घरात असेल तर त्याला विचारा, तो कागदावर चौकोन काढील. दुधाचं फॅट जुळवताना मांडतात तोच. डाव्या कोपऱ्यांत वर ५०, खाली पाण्याचा ०, मध्ये हवे असलेले ३. तिरप्या वजाबाक्या करा : ३ वजा ० म्हणजे ३ भाग माल, ५० वजा ३ म्हणजे ४७ भाग पाणी. एक किलो हवं तर ६० ग्रॅम माल, ९४० ग्रॅम पाणी. अट एकच, सगळं वजनात. पेरॉक्साइड आणि पाण्याची आकारमानं मिसळल्यावर तंतोतंत बेरजेइतकी होत नाहीत. काटा नसेल तर मापाच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरा, पाणी वेगळं मोजून ओतू नका.

दोन वेगळ्या संहतीची द्रावणं एकत्र केली असतील तर दोघांतलं पेरॉक्साइड मोजा, बेरीज करा, एकूण आकारमानानं भागा. २० आणि ४० व्हॉल्यूम सारखे घेतले की ३०.

हिशेब बरोबर केला तरी उत्तर बरोबर येईल याची खात्री आहे का?

नाही. कारण हिशेबाची सुरुवात आपण लेबलापासून करतो, आणि लेबल छापलं त्या दिवसापासून आतला माल फुटत असतो. ऊन, उष्णता, धूळ, लोखंड-तांब्याचा अंश, अल्कली, सगळे त्याचे वैरी. तापमान १० अंशांनी वाढलं की फुटण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून बाटली गडद रंगाची असते आणि मोठ्या कॅनच्या झाकणाला वाफ सोडायला बारीक सोय असते.

एका एप्रिलमध्ये आमच्या स्टोअरात कोणीतरी शहाणपणानं ३० टक्क्यांच्या कॅनचं झाकण बदलून साधं घट्ट झाकण लावलं. दोन आठवड्यांनी कॅन फुगलेल्या पुरीसारखा झाला होता. बूड गोल झाल्यामुळे तो शेल्फवर डुगडुगत होता, आणि तेवढ्यामुळेच आमच्या लक्षात आलं. सगळ्यांना बाहेर काढलं, पडदे ओढले, कॅन थंड होऊ दिला, मग चष्मा-हातमोजे घालून झाकण केसभर सैल केलं. बराच वेळ सुस्कारा चालला होता. तो सुस्कारा म्हणजे लेबलावरच्या ३० टक्क्यांमधून गेलेला ऑक्सिजन.

मग खरी संहती काढायची कशी?

टायट्रेशन, म्हणजे ठाऊक संहतीचं द्रावण थेंबाथेंबानं घालून किती लागलं ते मोजणं. पोटॅशियम परमँगनेट आणि सल्फ्युरिक ॲसिड. परमँगनेटचे २ मोल पेरॉक्साइडचे ५ मोल खातात, ऑक्सिजन सुटतो, आणि जांभळा परमँगनेट बिनरंगी होतो. वेगळा इंडिकेटर लागत नाही, परमँगनेटच स्वतःचा इंडिकेटर.

दुकानातली ६ टक्क्यांची बाटली घेऊ. तिच्यातलं १० मिली पिपेटनं घ्यायचं, तोंडानं ओढायचं नाही, रबरी फुगा लावायचा. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी, नीट उलटसुलट हलवायचं. त्यातलं २५ मिली शंकूपात्रात, म्हणजे मूळ बाटलीतलं बरोबर १ मिली. वर २० मिली पातळ सल्फ्युरिक ॲसिड. ब्युरेटमध्ये ०.०२ मोलर परमँगनेट.

आता घाई करू नका. पहिला थेंब पडतो, गुलाबी ढग होतो आणि तसाच रेंगाळतो. पोरांना वाटतं झालं, आला एंडपॉइंट, म्हणजे थांबायची खूण. पात्र हलवत राहा. दहा-पंधरा सेकंदांनी रंग विरतो. नंतरचे थेंब भराभर नाहीसे होतात, कारण पहिल्या थेंबांतून तयार झालेलं मँगनीजच पुढच्यांना हात देतं. काचेला बारीक बुडबुडे धरतात. शेवटाकडे रंग पुन्हा उशिरा जायला लागतो, तेव्हा नळ अगदी आवळायचा. पात्राखाली पांढरी फरशी ठेवायची आणि अर्धा मिनिट टिकेल इतका फिका गुलाबी रंग आला की थांबायचं. सोलकढीइतका गडद आला तर पुढे गेलात. परमँगनेट गडद असल्यामुळे ब्युरेटमध्ये खालची वक्र रेघ दिसत नाही, वरची कडा वाचायची, सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे.

समजा रीडिंग आलं ३१.२ मिली. ३१.२ × ०.०२ = ०.६२४ मिलिमोल परमँगनेट. त्याला ५ नं गुणून २ नं भागा, १.५६ मिलिमोल पेरॉक्साइड. ३४.०१ नं गुणा, ५३.०६ मिलिग्रॅम. हे मूळच्या १ मिलीत, म्हणजे १०० मिलीत ५.३१ ग्रॅम. बाटली ५.३ टक्क्यांची निघाली, लेबलावर ६ असले तरी. मोलॅरिटी १.५६, व्हॉल्यूम १७.५. नेमक्या ६ टक्क्यांना रीडिंग ३५.३ मिली आलं असतं.

प्रोसेसच्या बाथसाठी एवढी यातायात नको. बाथमधलं १० मिली घ्या, थंड होऊ द्या, ॲसिड भरपूर घाला आणि लिटमसनं खात्री करा, कारण बाथ कॉस्टिक सोड्यानं भरलेला असतो. तोच ०.०२ मोलर परमँगनेट, ज्याला तुम्ही एन-बाय-टेन म्हणता. दर मिलीला ०.१७ ग्रॅम पर लिटर. २३.५ मिली लागले तर ४.

ॲसिड सल्फ्युरिकच का? हायड्रोक्लोरिक लॅबमध्ये पडून आहे.

हायड्रोक्लोरिकमधला क्लोराइड स्वतःच परमँगनेट खातो, रीडिंग वाढतं. नायट्रिक ॲसिड स्वतः ऑक्सिडायझर, ते मध्ये लुडबुड करतं. सल्फ्युरिक गप्प बसतं. ते कमी पडलं तर द्रावण तपकिरी, गढूळ होतं. तो मँगनीज डायऑक्साइड, आणि तो उरलेलं पेरॉक्साइड फोडायला लागतो. तसं झालं की पात्र ओतून द्या, सावरायच्या फंदात पडू नका. आणि ऑक्झॅलिक ॲसिडच्या टायट्रेशनमध्ये गरम करायची सवय लागलेली असते, ती इथं सोडा. गरम केलं की मोजायचंय तेच उडून जातं.

रीडिंग बरोबर आलंय, पण माझं उत्तर ०.८५ टक्के येतंय!

२ आणि ५ उलटे धरलेत. बरोबर उत्तराला ६.२५ नं भागून बघा, तुमचं उत्तर येईल. ०.२१ च्या घरात आलं तर २५ पटीची डायल्यूशन गुणायची राहिली. चुकीचं उत्तरही कुठं चुकलं ते सांगत असतं, म्हणून खोडरबरानं पुसण्याआधी मला दाखवा.

लेबलावर ६ आणि टायट्रेशनमध्ये ६.४ आलं. कंपनीनं जास्त घातलं असेल?

थोडं जास्तीचं घालतात, ते खरं. वाटेत घट होणार हे त्यांनाही ठाऊक असतं. पण बाटली जुनी असेल तर आधी स्वतःवर संशय घ्या. पेरॉक्साइड बाटलीत बसून वाढत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका प्रॅक्टिकलला अख्ख्या बॅचचं उत्तर ६.४ आलं होतं. मी पोरांवर कावलो, एकमेकांचं बघून लिहिलंय म्हणालो. संध्याकाळी शांतपणे सोडियम ऑक्झॅलेटवर परमँगनेट तपासला. ०.०२ मोलर म्हणून ठेवलेला तो सुट्टीत उतरून ०.०१८४ झाला होता. हलका परमँगनेट जास्त मिली लागतो, आणि आपण त्याला जुन्याच आकड्यानं गुणतो. ६.४ ला ०.९२ नं गुणलं, ५.९ आलं. पोरं बरोबर होती, बाटली बरोबर होती, चूक माझ्या कपाटात होती. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तसं लिहिलं. तेव्हापासून परमँगनेटच्या बाटलीवर तारीख आणि तपासलेली मोलॅरिटी दोन्ही असतात.

एक बारीक शक्यता आणखी आहे. काही मालात टिकाऊपणासाठी सेंद्रिय पदार्थ घातलेले असतात, तेही थोडा परमँगनेट खातात. तिथं आयोडीनची पद्धत जास्त भरवशाची.

हायड्रोमीटर बुडवून नाही का कळत?

५० टक्क्यांच्या मालाचं ढोबळमानानं कळतं, तापमान लक्षात घेतलं तर. ३ टक्क्यांची घनता पाण्याहून एक टक्का जास्त, तिथं हायड्रोमीटर काय सांगणार? कागदी पट्ट्या याच्या बरोबर उलट. त्या पीपीएमसाठी, म्हणजे दहा लाखांत किती भाग ते बघायला असतात. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम, म्हणून दुकानातल्या बाटलीत बुडवली की पट्टीचा रंग बोलायचं सोडतो. पट्ट्यांचा खरा उपयोग रंगाईच्या आधी. ‘पेरॉक्साइड किलर’ मारल्यावर कापडात काही उरलंय का बघायला. उरलं असेल तर रिॲक्टिव्ह रंग मार खातो.

पार्लरमधलं केस रंगवायचं २० व्हॉल्यूमचं डेव्हलपर पाणी घालून १० चं करू का, सर?

हिशेबानं होतं ताई, करू मात्र नका. ते क्रीम असतं, पाण्यानं फाटतं आणि डोक्यावर एकसारखं बसत नाही. १० चंच आणा. आणि ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के, हे लक्षात असू द्या. आकडा छोटा वाटला तरी कातडीला झोंबतो.

घरी जखमेसाठी किती पातळ करायचं?

आपल्याकडे दुकानात बरेचदा ६ टक्क्यांची, म्हणजे २० व्हॉल्यूमची बाटली मिळते, आणि पुष्कळ जण ती ३ टक्के समजून तशीच ओततात. लेबल वाचा. बाकी, जखम वारंवार पेरॉक्साइडनं धुतली तर नवी भरत येणारी कातडीही मरते. वाहतं स्वच्छ पाणी लावा आणि डॉक्टरांना दाखवा. फेस आला म्हणजे औषध लागू पडलं असं नाही. रक्तातलं कॅटलेज नावाचं एन्झाइम पेरॉक्साइड फोडतं, त्याचा तो फेस. कच्च्या बटाट्याच्या कापावर टाकलं तरी तसाच येतो.

दुधात कोणी पेरॉक्साइड घातलं असेल तर हेच टायट्रेशन चालेल?

नाही. दुधातले बाकीचे घटकच परमँगनेट फस्त करतात. आहे की नाही एवढं सांगणाऱ्या रंगाच्या वेगळ्या चाचण्या डेअरीच्या लॅबमध्ये असतात. आणि दूध टिकवायला ते घालणं बेकायदा आहे, किती घातलं हा नंतरचा प्रश्न.

पातळ करायला नळाचं पाणी चालेल?

लगेच वापरून संपवायचं असेल तर चालून जातं. ठेवायचं असेल किंवा मोजायचं असेल तर नाही. डिस्टिल्ड घ्या, नाहीतर गॅरेजवर मिळतं ते बॅटरीचं पाणी. बोअरच्या पाण्यात लोखंड असेल तर पेरॉक्साइड जागच्या जागी फुटतं. प्रोसेसवाल्यांनी हे कापडावर पाहिलेलं असतं : गंजाचा कण जिथं चिकटला तिथंच सुईएवढं भोक. बाथमध्ये सिलिकेट घालतात ते पेरॉक्साइडला सावरून धरायलाच.

मामाच्या कारखान्यातून ५० टक्क्यांचं लिटरभर आणलंय. घरी ३ टक्क्यांचं करू?

परत देऊन ये. लॅबमध्येही ते चष्मा आणि हातमोज्यांशिवाय उघडत नाहीत. बोटाला लागलं की कातडी पांढरीफटक पडते आणि सुया टोचल्यासारखी चुणचुणते. डोळ्यात गेलं तर डोळाच जाऊ शकतो. पातळ करायची वेळ आलीच तर कडक माल पाण्यात हळूहळू सोडायचा, भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं, धातूचं कधीच नाही, आणि दुसरं कुठलंही रसायन त्यात मिसळायचं नाही. सांडलं तर चिंधीनं किंवा कॉटन वेस्टनं पुसायचं नाही, ते वाळता वाळता पेटू शकतं. धो धो पाणी सोडायचं. ३ टक्के हवं असेल तर ६ ची बाटली आण आणि वरचा पहिला प्रश्न वाच.

आटवून परत कडक करता येईल का?

करू नका. पाणी आटता आटता उरलेलं धोकादायक होत जातं.

पातळ केलेलं उरलं तर परत मूळ बाटलीत ओतू?

अजिबात नाही. बोटाची धूळ, पाण्यातलं लोखंड, जे काही आत गेलं असेल ते अख्खी बाटली फोडत बसेल आणि पुढच्या वेळी तुमचा हिशेब पुन्हा लेबलावरच्या खोट्या आकड्यापासून सुरू होईल. लागेल तेवढंच करा. कपभर उरलंच तर मोरीत ओता आणि वरून दोन तांबे पाणी सोडा.